बसतं, बसत नाही

नागपूरच्या भंगार बाजारातून चार चाकं आणली
त्या दिवशी मी वाटेत दोन समोसे जास्तीचे खाल्ले.
चांदीसारखी चाकं, पाच-पाच पाकळ्यांची.
लग्नसराई तोंडावर, आणि माझ्या स्विफ्टला
पत्र्याच्या रिमा, त्यांवर प्लास्टिकची झाकणं,
त्यातलं एक वडकीच्या गतिरोधकापाशी राहून गेलेलं.

राळेगावच्या नाक्यावर सुकेशिनी वानखडेचं दुकान.
आयटीआयचं सर्टिफिकेट हवेच्या टाकीवर टांगलेलं.
तिनं पाकळ्या पाहिल्याच नाहीत,
चाक पालथं केलं,
समोरासमोरच्या दोन भोकांवर पट्टी धरली.
"एकशेआठ. तुही गाडी शंभरची."

मी म्हणालो, आठ मिलिमीटर म्हणजे काय वो,
हरभऱ्याचा दाणा.
"हो ना. थोच दाणा जोड्यात घाल
अन् पायी वणीले जाऊन ये."

पण दाबून कसले तर?
"बसतीन. बसल्यासारखे दिसतीन.
बोल्ट आतून तिरपा ओढत राहीन,
मंग एक दिवस तुहं चाक
तुह्या पुढं जाईन."

दुसरा जोड यवतमाळहून, खोक्यातला, कोरा.
भोकं बरोबर. मी मिशीवरून हात फिरवला.
तिनं मधल्या गाळ्यात बोट फिरवलं:
हा त्र्याहत्तरचा, हबचा उंचवटा चोपन्नचा,
ऐंशीच्या वर गेलास की स्टेअरिंगले हिव भरीन.
मग एका डब्यातून कडं काढलं,
लहान पोराच्या हातात चढवतात तसं
गाळ्यात चढवलं. टक्.
तो आवाज मला आवडला.

चाकाच्या पाठीवर मात्र वीस कोरलेले,
जिथं कंपनीचे पंचेचाळीस.
अडीच सेंटिमीटर बाहेर आलं चाक,
आखाड्यात पैलवान उतरावा तशी गाडी उभी.
मी तर मोबाईलवर फोटोही काढला.

"रिकामी गाडी खोटं बोलते," ती म्हणाली,
आणि मागे बसवला चहावाला पुंजाराम,
त्याच्या मांडीवर त्याचा भाचा,
मारेगावच्या बसची वाट पाहणारे कुमरे मास्तर,
डिकीत शेजारच्या अडत्याचे हरभऱ्याचे दोन कट्टे.
गाडी खाली बसली.
"आता त्या रपट्यावरून ने."

खर्रर्र.
रबराचा वास. पुंजारामचा भाचा हसला.
"पाच वऱ्हाडी बसले की थे गाणं म्हणतीन,
अन् चाक आपलं येगळंच म्हणीन."

तेवढ्यात मास्तरांची बस गेली.
मग जुनी चाकं पुन्हा चढवून
मास्तरांना मारेगावला सोडून आलो. पैसे कसे घेणार?
ते वाटभर बोलले नाहीत,
उतरताना फक्त म्हणाले,
बाई हुशार हाये.

तिसरा जोड राखाडी. त्यावर काय सांगावं,
तिरड्या तारेच्या कुंपणासारखा, नजर ठरतच नाही.
पण शंभर ते शंभर, बेचाळीस, चौदाचा टायर,
नटाचं टोक जसं उतरतं तशीच भोकाची खोलगट बैठक.
तिनं एक नट कसला, मग त्याच्या समोरचा,
मग उरलेले दोन, घाई नाही,
पान्यानं कट् म्हटलं की हात काढला.
"पन्नास किलोमीटरनं परत ये. पुन्हा पाहतो म्हणू नको, ये."

पांढरकवड्याच्या लग्नात चाकांकडे कोणी पाहिलं नाही.
नवरदेवाच्या मावशीनं विचारलं, एसी चालू हाये नं?
परतताना रात्री दीड वाजता
सात माणसं आणि एक पितळी घंगाळ घेऊन
रपट्यावरून गेलो.
कान लावून होतो.
काही नाही. फक्त मावशीचं घोरणं.

पहिली चारही चाकं अजून अंगणात पडून आहेत,
गिऱ्हाईक येतं, वाकतं, पाकळ्या मोजून जातं.
परवा सकाळी पाहतो तर
शेजारची तांबडी कोंबडी मधल्या गाळ्यात,
पंख पसरून, डोळे मिटून,
अगदी काठोकाठ
बसलेली.